ईशान्येची माती

मार्च उजाडला की आमच्या टेकडीवर बूट हरवायला लागतात. म्हणजे हरवत नाहीत, चिखलात रुततात. पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. मग एका पायावर उभं राहून, पिकअपच्या आरशाला धरून, मोजा ओला न करता तो उपसून काढायचा. आज सकाळी माझा डावा बूट असा दोनदा राहिला. दुसऱ्या वेळी मी मोज्याची फिकीर केली नाही. तसाच पाय टेकला त्या गार गाऱ्यात, आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं हसले. बघायला होतं कोण? दोन रानटर्की आणि कुंपणापलीकडची एक गाय.

ओहायोत ह्या दिवसांना कुणी ऋतू म्हणत नाही. बर्फ गेलेलं असतं, पान आलेलं नसतं, आभाळ धुतलेल्या पातेल्याच्या रंगाचं असतं आणि जमीन नुसती पाणी पिऊन फुगलेली. कोलंबसजवळच्या डब्लिन नावाच्या उपनगरात मी एकतीस वर्षं राहिले, पण असा काही मोसम असतो हे मला ठाऊकच नव्हतं. गॅरेजमधून गाडी काढायची आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावायची, मातीला पाय लागायचा संबंध येतो कुठं? आता मात्र माझं वर्ष इथून सुरू होतं. तीन वर्षांपूर्वी ह्याच चिखलात माझी पुरती फजिती झाली आणि ह्याच चिखलात मी जिंकले. हो, जिंकले असंच म्हणणार. नम्रपणा मला तरुणपणी जमला नाही, तो आता चौसष्टाव्या वर्षी कुठून आणू?

मी मूळची अमरावतीची. इंजिनिअरिंग तिथं केलं, मास्टर्स इथं, आणि मग कोलंबसमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागले ती रिटायर होईपर्यंत. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणारा माणूस. ते मला इतकं झकास जमायचं की लग्नातही तू तेच करत बसलीस, असं माझा आधीचा नवरा म्हणायचा. त्याच्या चुका होत्याच तेवढ्या, पण ते असो. घटस्फोटात डब्लिनचं घर माझ्याकडे आलं. चार बेडरूम, तीन बाथरूम आणि राहणारी मी एकटी. मुलगा निहार पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला नोकरीला गेल्यावर तर मी त्यातलं स्वयंपाकघर आणि एक खोली एवढंच वापरायचे. बाकीच्या खोल्यांत फक्त व्हॅक्यूम करायला जायचे, पाहुण्यासारखी.

शिवाय त्या घराला एक सासू होती. कॉलनीची असोसिएशन. गवत किती उंच, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर, दाराचा रंग कुठल्या कुळातला, सगळ्यावर तिची नजर. एका जुलैत मी सांडगी मिरच्या केल्या. ताकामिठात मुरवलेल्या मिरच्या कडक उन्हातच वाळायला हव्यात, आणि मागच्या डेकवर तर मेपलची दाट सावली. म्हणून पुढच्या ड्राइव्हवेवर जुनी चादर अंथरली. तिसऱ्या दिवशी पत्र हजर. घराच्या दर्शनी भागात खाद्यपदार्थ पसरणं नियमात बसत नाही म्हणे. फोटोसकट! माझ्या मिरच्यांचा फोटो! मी ते पत्र हातात घेऊन ड्राइव्हवेवरच उभी राहिले. घर माझ्या नावावर, आणि चार मिरच्या वाळवायला जागा माझी नाही? माझं डोकं त्या दिवशी जे फिरलं ते फिरलंच.

मला काय हवं होतं ते तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ कळलं. घर नको होतं, जमीन हवी होती. लांब, गावाबाहेर, जिथं मला कुणी पत्र पाठवणार नाही अशी. आणि तिच्यावर राहायला एक ट्रेलर, चाकांचं घर, झाडायला पाच मिनिटं लागतील एवढंसं. हे मी पहिल्यांदा बोलून दाखवलं ते मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, आणि जेवणाची रांग चक्क थांबली. "अगं, ट्रेलरमध्ये? ट्रेलरमध्ये कोण लोक राहतात माहितीये ना तुला?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "माहितीये. ज्यांना ट्रेलर परवडतो ते." निहार फोनवर म्हणाला, "मॉम, प्लीज बी रीझनेबल. इथे गेस्ट रूम आहे. यू कॅन हॅव इट फॉरेव्हर." त्याचा जीव आहे माझ्यावर, खोटं कशाला बोलू. पण गेस्ट रूममध्ये कायमचं कोण राहतं? गेस्ट!

ट्रेलर घेतला आणि तो मागे घ्यायला शिकले कुठं, तर देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये. मंगळवारी दुपारी तिथं काळं कुत्रं नसतं. पिकअपला जोडलेला ट्रेलर डावीकडे वळवायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि हे डोक्याला पटलं तरी हाताला पटत नाही. तीन मंगळवार मी तिथं नागमोडी चालवत होते. चौथ्या मंगळवारी देवळाचे गुरुजी प्रसादाचा डबा हातात घेऊन बाहेर आले आणि कुठल्याशा बसस्टँडवर आयुष्य काढल्यासारखे हात हलवायला लागले. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" ट्रेलर दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मला पेन्शन मिळाली तेव्हा झाला नव्हता इतका आनंद त्या दिवशी झाला.

जमीन सापडली ऑक्टोबरात. कोलंबसपासून दोन तास आग्नेयेला, जिथं सपाट मक्याची शेतं संपून टेकड्या सुरू होतात तिथं. पाच एकर. मधे सपाट गवताळ पट्टा, ईशान्येला एक चढ आणि त्याच्या माथ्यावर काळ्या अक्रोडाचं एकुलतं एक झाड, वायव्येला खोलगट भाग आणि त्याच्या कडेनं ओढा. पानं पिकलेली, ऊन तिरपं, जमीन खडखडीत वाळलेली. मी त्या गवतात बसले आणि उठावंसंच वाटेना. एजंट बाई दोनदा घड्याळ बघून गाडीत जाऊन बसली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. अशा गावाबाहेरच्या जमिनीवर गटाराची लाइन नसते. तुमचं सांडपाणी तुमच्या टाकीत, आणि टाकीतून तुमच्याच जमिनीत जिरवायचं. जमीन ते जिरवू शकते असं माती तपासणाऱ्या माणसानं लिहून दिलं, तर काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, तुम्हाला तिथं राहू देते. नाहीतर ट्रेलर घेऊन या, चार दिवस कॅम्पिंग करा, शेकोटी पेटवा आणि निघा आपले. जमीन तुमची असली म्हणून काय झालं. म्हणजे सगळं अडलेलं होतं मातीवर. आणि आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासून दमलेल्या ह्या बाईनं स्वतःची जमीन माती न तपासता घेतली, डब्लिनचं घर फेब्रुवारीत विकलं, आणि मार्चमध्ये ट्रेलर घेऊन जवळच्या कॅम्पग्राउंडवर जाऊन राहिली. कप्पाळ माझं! ऑफिसात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

बरं, एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मंगल होती ना.

मंगल माझी धाकटी बहीण, अमरावतीला असते. माझ्या सगळ्या उद्योगांवर ती रडली होती. घटस्फोटावर रडली, घर विकण्यावर रडली, ट्रेलरचा फोटो बघून तर फोनच ठेवला. आणि मग एक दिवस म्हणाली, "बरं ताई, तू कुणाचं ऐकणार नाहीस हे मला माहितीये. निदान वास्तू तरी बघून घे. एवढं तरी माझं ऐक." आता मी वास्तुशास्त्राला जन्मभर हसलेली बाई. पण त्या दिवसांत मला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, आणि ही पहिली व्यक्ती होती जी 'करू नकोस' न म्हणता 'असं कर' म्हणाली. मी विरघळले. तिचे वास्तुवाले गुरुजी व्हिडिओ कॉलवर आले. मी फोन हातात धरून त्यांना अख्खी जमीन फिरवून दाखवली. ते म्हणाले, ईशान्य देवाची. तिथं तुळस लावा, पाटा-दगडाचं ओझंसुद्धा ठेवू नका. सांडपाण्याची टाकी नेहमी वायव्येला. मंगलनं कॉलवरच हात जोडले. मीही जोडले, काय करणार!

आणि मी लगेच जाऊन वायव्येच्या खोलगटात केशरी झेंडे रोवले.

माती तपासायला आला तो वेन. सत्तरीचा, उंच, खांद्यावर मोठं गिरमिट, ओठात काडी. त्यानं झेंड्यांकडे बघितलं, ओढ्याकडे बघितलं, मग वर अक्रोडाच्या चढाकडे बघितलं. "तुम्हाला नक्की इथंच हवंय, मॅम?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नक्की. इथंच. दुसरीकडे नको." त्यानं खांदे उडवले. वादावादी करायची त्या लोकांना सवय नसते. गिरमिट फिरवत फिरवत त्यानं खालची माती वर काढली आणि माझ्यासमोर धरली. राखाडी. चिकट. मधे तांबूस डाग. राखाडी म्हणजे पाणी तिथं महिनोन्‌महिने नुसतं बसून असतं, असं त्यानं सांगितलं. दुसरा खड्डा, तिसरा, चौथा. चौथ्यात तर आमच्या डोळ्यांदेखत पाणी भरून आलं आणि वेननं गिरमिट गवताला पुसलं. आठवड्यात रिपोर्ट आला. अयोग्य.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कुणाला दाखवले नाहीत. कॅम्पग्राउंडवर एका जागी फक्त चौदा दिवस राहता येतं, मग सगळं आवरून दुसरीकडे. पाण्याची नळी सोड, विजेची वायर गुंडाळ, चाकांखालचे ठोकळे काढ. जाण्याआधी मैल्याची टाकी रिकामी कर. ते काम पहिल्यांदा केलं तेव्हा मी रबरी हातमोजे, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि डोळ्यांना पोहण्याचा गॉगल लावला होता. शेजारच्या ट्रेलरमधली म्हातारी कॉफी पीत मला बघत होती, तिनं कप उंचावून मला सलाम केला. एरवी हसले असते. पण पाऊस थांबत नव्हता, पत्र्यावर सतत ताशा, आणि मी आतल्या एवढ्याशा टेबलाशी बसून विचार करायचे की बाई, घर गेलं, जमीन नालायक निघाली, आता तू कुठली? निहार रोज फोन करायचा. "मॉम, मी तिकीट बुक करू का?" मी म्हणायचे, "थांब." एक दिवस 'थांब' म्हणायला तोंडच उघडेना. तो म्हणाला, "सो दॅट्स अ येस?" मी म्हटलं, "शुक्रवारी सांगते."

आज हे लिहिताना खालून बेडकांचा आवाज येतोय. त्याच वायव्येच्या डबक्यातून. बोटाच्या पेराएवढे बेडूक, पण सगळे मिळून ओरडायला लागले की फोनवर बोलता येत नाही. तिथं पाणी का बसतं, तर ती जागा त्यांची आहे म्हणून. मी तिथं टाकी पुरणार होते! हे आता सुचतं, तेव्हा मला त्या खोलगटाचा नुसता संताप यायचा.

त्या गुरुवारी मी बापूकाकांना भेटायला डब्लिनला गेले. बापूकाका म्हणजे आमच्या तिकडच्या सगळ्या मराठी मंडळींचे काका, वय त्र्याऐंशी, मूळचे सांगलीचे, आमच्या आधीच्या पिढीत आलेले. निरोप घ्यायला गेले होते खरं तर. काकूंनी थालिपीठ लावलं, मी रडत रडत खाल्लं, आणि खाता खाता रिपोर्ट काकांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा बदलला. नकाशा उलटा केला, सुलटा केला.

"काय गं, हे चारही खड्डे एकाच कोपऱ्यात कसे?"

"तिथंच तपासायला सांगितलं मी."

"आणि बाकीचं रान कुठं गेलं? चोरीला?"

काकू तव्याजवळून बघताहेत.

"पोरी, पाण्याजवळच्या खड्ड्यात पाणी लागणार नाही तर काय तूप लागणार? त्या माणसानं अडवलं नाही तुला?"

"विचारलं त्यानं. पण काका... सांडपाणी वायव्येला लागतं. वास्तूत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, काकूंनी पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं, तरी थांबेनात. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग मीही हसत सुटले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

डोळे पुसून काका म्हणाले, "एक सांगू? मी आयुष्यभर नोकरी काय केली माहितीये का तुला?"

"वॉटर इंजिनिअर होता ना तुम्ही?"

"डोंबल! सांडपाण्याचा इंजिनिअर. छत्तीस वर्षं ह्या लोकांचा मैला साफ केला मी. घरी पत्रात लिहिलं, वॉटर डिपार्टमेंटला लागलो. आई गेली तरी तिला कळलं नाही कुठलं वॉटर. इथंही कुणाला सांगितलं नाही, पंगतीत शेजारी बसतील की नाही म्हणून." त्यांनी रिपोर्टाची घडी घातली. "देवाला तू जिथं ठेवशील तिथं तो बसतो गं. पाणी नाही बसत. तुझ्या जमिनीवर उंच काय आहे?"

मी हळूच म्हटलं, "ईशान्य."

शुक्रवारी मी निहारला 'नाही' सांगितलं.

माझी चूक नेमकी काय होती ह्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. वास्तूवर माझा विश्वास नव्हताच. मी मंगलचं ऐकलं ते एकटी पडले होते म्हणून. कुणीतरी माझ्या बाजूनं उभं राहावं ह्याची एवढी भूक लागली होती की समोर आलेला पहिला घास मी न बघता गिळला. स्वतःच्या हिमतीवर सगळं करणाऱ्या बाया नेमक्या इथं फसतात. दहा ठिकाणी ठाम राहतात आणि अकराव्या ठिकाणी, जरा कुणी मायेनं बोललं की, हातातलं होकायंत्र देऊन टाकतात. दोष मायेचा नाही. मी वेनला 'दुसरीकडे नको' म्हटलं, तो माझा.

एप्रिलच्या शेवटी वेन परत आला. बापूकाका माझ्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर, मांडीवर थालिपीठांचा डबा, हातात काठी. भुरभुर पाऊस. चिखल असा की काकांना चढावर न्यायला मला आणि वेनला दोन्हीकडून धरावं लागलं, आणि मधेच काकांचा एक बूट राहिला तो वेननं उपसून त्यांच्या पायात घातला. अक्रोडाखाली वेननं गिरमिट रोवलं. मी देवाचं नाव घेतलं आणि मग आठवलं की जागा त्याचीच आहे, आपण काय मागतोय! माती वर आली. तपकिरी. आणखी खाली, जरा तांबूस. आणखी खाली. राखाडीचा मागमूस नाही. वेननं चिमूटभर माती तळहातावर घेतली, पाण्याचे थेंब घातले आणि कणीक मळावी तशी अंगठ्यानं मळून तिची पट्टी काढायला लागला. पट्टी लांब निघाली तर चिकणमाती, म्हणजे वाईट. ही बोटभर निघाली आणि तुटली. काकांनीही चिमूट घेतली, त्यांचीही तुटली. दोन म्हातारे त्या तुटलेल्या मातीकडे बघून असे हसले की मला कुणी काही सांगायची गरजच राहिली नाही.

"मी तेव्हाच इथं बघत होतो, मॅम," वेन म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही फार ठाम होतात."

मंगलला मी फोन केला तो पिकअपमध्ये बसून, दार लावून. लपवायचं नाही हे ठरवलं होतं. "मंगल, टाकीचं पाणी ईशान्येला जिरणार आहे." पलीकडे रडू. "तुला काही शुभ नकोच आहे का गं ताई?" मी म्हटलं, "शुभ हवंय म्हणूनच. वायव्येला टाकलं असतं तर ते पाणी ओढ्यात गेलं असतं, आणि खालची माणसं गुरं तेच पाणी प्यायली असती. हे तुझ्या गुरुजींना विचार शुभ का अशुभ." ती दोन आठवडे बोलली नाही. मग एक दिवस मेसेज आला, 'देव कुठे ठेवलेस?' मी ट्रेलरमधल्या शेल्फचा फोटो पाठवला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि बाजूला मायक्रोवेव्ह. तिनं लिहिलं, 'मायक्रोवेव्ह जरा लांब कर.' म्हणजे मिटलं.

ह्या तीन वर्षांत मला फोन करणाऱ्या बायकांची एक फौजच तयार झाली आहे. एक पार्सिपनीची, नुकतीच रिटायर झालेली डॉक्टर. एक त्याच पॉटलकमधली, जिनं 'कोण लोक' विचारलं होतं ती. तिला आता केंटकीत दहा एकर दिसले आहेत म्हणे. "वृंदाताई, सगळ्यात आधी काय बघायचं?" मी सांगते, ऑक्टोबरात जमीन बघू नका, ऑक्टोबरात सगळ्याच जमिनी सुंदर दिसतात. चिखलात बघा. बूट कुठं रुततो ते बघा आणि कुठं रुतत नाही ते बघा. आणि झेंडे रोवायच्या आधी जो माणूस माती जाणतो त्याला विचारा, नुसतं विचारू नका, ऐका. मग त्या विचारतात, "भीती नाही वाटत एकटीला?" वाटते की. पहिल्या वादळात मी ट्रेलरच्या बाथरूममध्ये बसून शुभंकरोति म्हटलं होतं, तेही चुकत. पण भीती वाटते म्हणून निघून जावंसं वाटलं, असं एकदाही झालं नाही. उन्हाळ्यात चढावर गवत कमरेएवढं होतं, काजवे निघतात, आणि मी बाहेर खुर्ची टाकून पाय पसरून बसते, महाराणीसारखी. कुणी यावं आणि मोजावं माझं गवत.

पण त्या वर्षीच्या मे महिन्याचा शेवटचा मंगळवार मला सांगायचाच आहे. टाकी पुरून झाली होती. ट्रेलर खाली सपाटीला, आणि पाणी वर चढवून जिरवायचं, म्हणून पंप. अक्रोडापासून जरा दूर, चढावर पाच लांब चर खणून त्यात पाइप टाकलेले, पाइपांना वरच्या अंगाला बारीक भोकं. मातीनं बुजवण्याआधी काउंटीची इन्स्पेक्टर येऊन बघणार, की स्वच्छ पाणी सोडल्यावर सगळ्या भोकांतून ते सारख्या उंचीनं उडतं का. सारखं उडालं तर जमीन सगळीकडे सारखं पाणी पिणार. नाही उडालं तर पुन्हा खणा, पुन्हा तारीख घ्या, पुन्हा कॅम्पग्राउंड.

इन्स्पेक्टर पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, हसणं माहीत नसलेली. बापूकाका आलेच होते, घडीच्या खुर्चीवर, डोक्याला रुमाल बांधून. निहारही आला होता, सुट्टी काढून, 'जस्ट इन केस' म्हणत. त्या 'केस'मध्ये मला घेऊन जायचं विमानाचं तिकीट होतं हे मला माहीत होतं. खाली कंत्राटदारानं पंप सुरू केला. पहिल्या चार चरांत पाणी उठलं, गुडघाभर, एका ओळीत. पाचव्यात नुसते बुडबुडे. इन्स्पेक्टरनं हातातल्या पट्टीकडे बघितलं आणि मान हलवली.

"पंप बंद करा," काका मराठीत ओरडले, आणि मग इंग्रजीत. "पोरी, पाइपाच्या टोकाचं बूच काढ. आत चिखल गेलाय."

कंत्राटदार खाली पंपाशी होता. निहार म्हणाला, "मॉम, लेट हिम डू इट." मी चरात उतरले होते तोवर. गुडघे टेकले, बूच फिरवलं, निघेना. पदर असता तर खोचला असता. ओढणी कमरेला बांधली, दोन्ही हातांनी पिळलं, आणि बूच हातात आलं. "सुरू करा!" पंप घरघरला आणि पाइपातून आधी तपकिरी गाळ, मग खडे, मग पाण्याचा लोट माझ्या छातीवर, तोंडावर, केसात. मी नाक धरून थांबले. पाणी निवळलं तसं बूच परत लावलं आणि चरातून वर आले.

पाचही ओळींत पाणी उभं राहिलं. भोकाभोकातून, शेवटपर्यंत, गुडघाभर उंच. वाऱ्यानं जरा झुकायचं आणि परत सरळ व्हायचं. इन्स्पेक्टर प्रत्येक ओळीपाशी पट्टी धरत चालली, आकडा लिहीत चालली. बापूकाका खुर्चीतून उठले, काठी न घेता, आणि ज्या पाण्याबद्दल आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं त्याच्या पाचव्या ओळीपाशी जाऊन त्यांनी हात पुढे केला. पाणी त्यांच्या तळहातावर उडत राहिलं. निहार जवळ आला. त्यानं आपलं जॅकेट काढून माझ्या अंगावर घातलं.

इन्स्पेक्टरनं कागद पिकअपच्या बॉनेटवर ठेवून सही केली आणि मला दिला. माझे हात ओले होते, मी तो दोन बोटांत धरला.

"झालं," ती म्हणाली. "तुम्ही इथं राहू शकता."

"परत सांगा," मी म्हटलं.

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती जरा मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही इथं राहू शकता, मॅम."

एकसष्ट वर्षांत मला पुष्कळांनी 'ये' म्हटलं होतं, 'थांब' म्हटलं होतं, 'जा' तर म्हटलंच होतं. 'राहा' असं कुणी म्हणायची ही पहिलीच वेळ. मी चिखलानं माखलेली, केसातून पाणी गळतंय, आणि मी त्या बाईला धरून मिठीच मारली. तिचा युनिफॉर्म खराब झाला. ती हसली.

आणि मी राहिले.